शिक्षक संघटना, समूहकेंद्री नेतृत्व आणि सामाजिक न्याय: मराठवाड्यातल्या शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण परिषद सुटल्यावर चहाच्या टपरीवर, पगार लांबला की फोनवर आणि बदल्यांच्या दिवसांत तर रात्री उशिरासुद्धा जे प्रश्न येत राहतात, ते इथे एका जागी आणले आहेत. विचारणारे बहुतेक जिल्हा परिषद शाळांवरचे आहेत, काही खासगी अनुदानित संस्थांमधले, थोडे शिक्षणसेवक. सुरुवातीचे प्रश्न नव्यांसाठी आहेत. जुन्या कार्यकर्त्यांनी थेट दहाव्या प्रश्नावर गेलं तरी चालेल.

१. समूहकेंद्री नेतृत्व म्हणजे नेमकं काय? साध्या शब्दांत सांगा.

तालुकाध्यक्षांचा फोन बंद आहे आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी उद्या सकाळी चर्चेला बोलावलंय. तुमच्यातले कोणतेही चार जण कागद घेऊन जाऊ शकतात का? मागच्या बैठकीत काय ठरलं, निवेदन कुठे अडकलंय, हिशेबात किती पैसे आहेत हे त्यांना ठाऊक आहे का? असेल तर तुमच्याकडे समूहकेंद्री नेतृत्व आहे, मग त्याला नाव काहीही द्या.

ही कल्पना मांडली एला बेकर यांनी. १९०३ साली जन्मलेल्या या कृष्णवर्णीय अमेरिकन संघटक बाईंनी आयुष्यभर गावोगाव शाखा बांधल्या. एप्रिल १९६० मध्ये उपाहारगृहांतल्या वर्णभेदाविरुद्ध बैठा सत्याग्रह करणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात एकत्र बोलावलं. मोठ्या संघटनांना ही पोरं आपापल्या पंखाखाली हवी होती. बेकर यांनी मात्र त्यांना स्वतंत्र राहण्याचं बळ दिलं. एका नेत्याभोवती समूह जमवण्यापेक्षा समूहातून अनेक नेते तयार व्हावेत, हा त्यांचा आग्रह होता. गाजलेला नेता पडला, विकला गेला किंवा मारला गेला की चळवळच बसते, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

२. म्हणजे अध्यक्ष, सरचिटणीस नकोतच का?

हवेत. सही कोण करणार, बँकेचं खातं कोणाच्या नावावर, अधिकाऱ्यांनी पत्र कोणाला पाठवायचं, हे ठरलेलंच असावं. ‘आमच्यात कोणी नेता नाही’ म्हणणाऱ्या गटांत बहुतेक वेळा एक न निवडलेला नेता असतो आणि त्याला जाब विचारता येत नाही. तो प्रकार निवडून आलेल्या अध्यक्षापेक्षा वाईट. मुद्दा एवढाच की पद फिरतं असावं, माहिती सगळ्यांकडे असावी आणि मागण्या अध्यक्षांच्या डायरीतून न येता सभासदांकडून याव्यात.

३. आणि सामाजिक न्यायाची शिक्षक संघटना म्हणजे? आम्ही पगार मागायचा नाही का?

जरूर मागायचा. वेतन, पेन्शन, बदली, वैद्यकीय देयकं हे संघटनेचं रोजचं काम आहे आणि ते न करणाऱ्या संघटनेत कोणी थांबत नाही. फरक मागण्यांच्या यादीत पुढे काय येतं, तिथे पडतो. वर्गात किती लेकरं आहेत, मुलींसाठी स्वच्छतागृहात पाणी आहे का, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईला मानधन वेळेवर मिळतं का, वस्तीवरची शाळा बंद होणार का, हे प्रश्नही संघटना आपले मानते आणि त्यासाठी ताकद लावते.

सेप्टिमा क्लार्क यांचं उदाहरण द्यावंसं वाटतं, कारण त्या पेशाने शिक्षिका होत्या. साउथ कॅरोलायनात कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्या शिक्षकांइतकाच पगार मिळावा म्हणून १९४५ च्या खटल्यासाठी त्या राबल्या. १९५६ मध्ये त्या राज्याने कायदा केला की सरकारी नोकराने वर्णभेदविरोधी संघटना एनएएसीपीचं सभासद राहायचं नाही. क्लार्कबाईंनी सभासदत्व लपवायला नकार दिला आणि त्यांची नोकरी गेली. पुढे जॉन्स आयलंडवर त्यांच्या पुढाकाराने प्रौढांची पहिली ‘नागरिकत्व शाळा’ सुरू झाली, जानेवारी १९५७ मध्ये, एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत. शिकवायला मुद्दाम पेशेवर शिक्षक घेतला नाही. केशरचनेचं काम करणाऱ्या बर्निस रॉबिन्सन यांना उभं केलं. त्यांनी आलेल्यांना आधी विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? स्वतःचं नाव लिहायचंय, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचाय, मतदार यादीत नाव घालण्यासाठीची वाचनपरीक्षा पास व्हायचीय, अशी उत्तरं आली आणि तोच अभ्यासक्रम झाला. पगाराची लढाई आणि समाजाची लढाई एकाच बाईच्या आयुष्यात अशी सलग चालली.

४. ही सगळी अमेरिकेची उदाहरणं. बीड-परभणीत त्याचं काय?

बीड-परभणीचा स्वतःचा वारसा आहे, आपणच तो १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनापुरता ठेवलाय. स्वामी रामानंद तीर्थ हे हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरण्याआधी शिक्षक होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी काम केलं, आणि त्याही आधी कामगार नेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली. निजामी राजवटीत सभा घ्यायची तर परवानगी लागे. गश्ती निशाण ५३ या सभाबंदीच्या परिपत्रकाचा बडगा होताच. अशा काळात शाळा हीच माणसं जमण्याची आणि घडण्याची जागा होती. १९३८ च्या ‘वंदे मातरम्’ सत्याग्रहाची ठिणगी औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात पडली, ती विद्यार्थ्यांनी स्वतः पेटवली. शिक्षकाने लोकांच्या प्रश्नात पडावं की नाही, हा वाद मराठवाड्याने बऱ्याच आधी निकालात काढला आहे.

५. शिकागोच्या शिक्षकांचं नाव सारखं घेतात. तिथे झालं काय?

२००८ मध्ये शिकागोतल्या काही शिक्षकांनी आपल्याच संघटनेत ‘कोअर’ नावाचा गट केला. शाळा बंद करण्याच्या बैठकांना ते पालकांसोबत जाऊन बसत, तेव्हा जुने पदाधिकारी तिकडे फिरकतही नसत. २०१० मध्ये या गटाने निवडणूक जिंकली आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कॅरन लुईस अध्यक्ष झाल्या. पहिलं काम काय केलं, तर पदाधिकाऱ्यांचे पगार खाली आणले आणि तो पैसा शाळाशाळांत कृती समित्या बांधण्याकडे वळवला. फेब्रुवारी २०१२ मध्ये शिकागोच्या मुलांना कशा शाळा हव्यात यावर स्वतःचा अहवाल काढला. वर्गातली पटसंख्या, संगीत-चित्रकला, परिचारिका, ग्रंथालय असं सगळं त्यात होतं.

सरकारने २०११ मध्येच कायदा करून ठेवला होता: संप करायचा तर एकूण सभासदांपैकी ७५ टक्क्यांचा कौल हवा. न आलेला सभासद म्हणजे विरोधी मत. हे जमणारच नाही, असा हिशेब होता. जवळपास ९० टक्क्यांनी संपाच्या बाजूने कौल दिला.

१० सप्टेंबर २०१२ ला संप सुरू झाला. खरी शिकवण त्याच्या शेवटी आहे. रविवारी, १६ तारखेला नेत्यांनी कराराचा मसुदा प्रतिनिधी सभेपुढे ठेवला. प्रतिनिधी म्हणाले, आमच्या शाळेतल्या लोकांनी हा वाचलेला नाही, वाचल्याशिवाय संप मागे घेणार नाही. महापौर कोर्टात धावले, वर्तमानपत्रांनी झोड उठवली. शिक्षक मात्र सोमवार-मंगळवार शाळांबाहेरच्या फुटपाथवर घोळक्याने बसून मसुद्याचं एकेक कलम वाचत होते. मंगळवारी संध्याकाळी मतदान होऊन संप मिटला. आपल्याकडे ‘चर्चा सकारात्मक झाली, आंदोलन स्थगित’ एवढा मेसेज येतो आणि चर्चा काय झाली ते कोणाला कधीच कळत नाही. तुलना तुम्हीच करा.

हेही सांगायला हवं की ते सगळं जिंकले नाहीत. २०१३ मध्ये शहराने ५० च्या आसपास शाळा बंद केल्याच, बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतल्या. संघटना हरली, पण फुटली नाही. २०१९ मध्ये पुन्हा संप केला तेव्हा प्रत्येक शाळेला परिचारिका आणि समाजसेवक ही मागणी लेखी करारात आणली.

६. आमच्या केंद्रात सुरुवात कशी करायची?

तालुक्यापासून सुरू करू नका, तिथे खुर्च्या आधीच भरलेल्या असतात. केंद्र हे योग्य माप आहे. दहा-पंधरा शाळा, सगळे एकमेकांना नावाने ओळखणारे, आणि शिक्षण परिषदेच्या निमित्ताने जमणारे. परिषद संपली, केंद्रप्रमुख गेले की अर्धा तास थांबायचं. पहिल्या बैठकीत भाषण नको. प्रत्येक शाळेने एकच गोष्ट सांगायची: या महिन्यात शिकवण्यात सगळ्यात जास्त कशाने अडथळा आला?

एका केंद्रातली बैठक अजून डोळ्यांसमोर आहे. ऑनलाइन कामांबद्दल निवेदन लिहायचं होतं. एरवी अध्यक्ष सांगतात आणि कोणीतरी सुंदर अक्षराचा माणूस लिहून घेतो. इथे कच्चा मसुदा वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेतल्या मॅडमनी वाचून दाखवला. पहिलं वाक्य होतं, ‘वारंवार मागवण्यात येणाऱ्या माहितीमुळे शिक्षकांना नाहक त्रास होत आहे.’ मागून एक सर म्हणाले, ‘त्रास कोणाला झाला ते नीट लिहा की. सर पंचायत समितीत गेले, तुम्ही मोबाइलवर माहिती भरत बसल्या, तर चौथीच्या लेकरांपुढं कोण होतं?’ थोडी शांतता झाली. मग वाक्य असं झालं: ‘मागच्या महिन्यात आमच्या शाळेत तिसरी-चौथीचा वर्ग इतके दिवस शिक्षकाविना राहिला,’ आणि प्रत्येक शाळेने आपापल्या तारखा भरल्या. ते निवेदन शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनीही सही करून दिलं. पहिल्या मसुद्यावर त्यांनी सही केली असती असं मला वाटत नाही.

बाकी शिस्त साधी आहे. एक वही ठेवा: तारीख, हजर कोण, ठरलं काय, कोण करणार. वही दर महिन्याला दुसऱ्या शाळेत जाते. अधिकाऱ्यांना भेटायला जाताना एक अनुभवी आणि एक अजिबात न गेलेला शिक्षक, अशी जोडी. बोलायचं नव्याने, जुन्याने फक्त अडलं तर मदत करायची. वर्गणीचा हिशेब ग्रुपवर, पावतीच्या फोटोसकट.

७. तालुक्यात आधीच एवढ्या संघटना आहेत. आणखी एक काढायची का?

नको. पावतीपुस्तक वाढलं की माणसं वाटली जातात. वर सांगितलेली केंद्राची बैठक कोणत्याही संघटनेच्या सभासदाला खुली ठेवा. तुमची पावती कुठलीही असो, वही एकच.

८. पण आमच्याकडे संघटना म्हणजे पतसंस्थेची निवडणूक. तिथे हे कसं रुजणार?

प्रश्न बरोबर नेमका आहे. शिक्षक पतसंस्थेचं पॅनल, कर्जाची मर्यादा, लाभांश आणि नोकरभरती यांवर अनेक तालुक्यांतलं संघटनेचं राजकारण चालतं. दुसरा आधार होता बदली. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने बदल्या ऑनलाइन झाल्या आणि ‘तुमचं काम करून देतो’ म्हणणाऱ्या पुढाऱ्यांचं मोठं भांडवल गेलं. संवर्ग एक, संवर्ग दोन, विस्थापित, अवघड क्षेत्र या बदलीतल्या वर्गवाऱ्यांचे घोळ आहेतच, त्यासाठी भांडायलाही हवं. पण उपकाराने बांधलेला सभासद आता तितका राहिलेला नाही, ही संधी आहे. पतसंस्थेला शिव्या देऊ नका. ती चालवणारे पॅनल आणि संघटनेचे पदाधिकारी ही माणसं वेगळी ठेवा, एवढा ठराव केंद्राकेंद्रांतून करून घ्या. बघा किती गडबड उडते.

९. बैठकीला बायका येत नाहीत. काय करावं?

बैठक संध्याकाळी सहाला तालुक्याच्या लॉजवर ठेवली तर कशा येतील? ‘महिला आघाडी’ नावाचा वेगळा कप्पा करून त्यात हळदीकुंकू आणि सत्कार भरला की पुरुष मोकळे होतात, एवढाच त्याचा उपयोग. शाळेच्या वेळेला लागून, शाळेतच, लेकरू सोबत आणता येईल अशी बैठक ठेवा आणि शिष्टमंडळात निम्म्या शिक्षिका हव्यात असा नियम करा. एसटीच्या वेळा पाळा. शेवटची गाडी चुकते म्हणून गप्प उठून गेलेल्या मॅडमचं मत वहीत येत नाही.

१०. पालक आमच्यावरच चिडलेले आहेत. ‘गुरुजींना एवढा पगार, तरी संप’ असं तोंडावर म्हणतात. त्यांच्याशी युती कशी करायची?

त्यांचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घ्या. ज्या गावात सोयाबीनला भाव नाही, दोन वर्षांआड दुष्काळ आहे आणि एखाद्या घरात आत्महत्या झालेली आहे, तिथे सातव्या वेतन आयोगाचा पगार डोळ्यांत येणारच. मार्च २०२३ चा जुन्या पेन्शनचा संप आठवा. १४ तारखेला सुरू झाला, २० ला मिटला, आणि दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची मागणी न्याय्य होती असंच माझं मत आहे. पण ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेत पालकांसाठी एक ओळही नव्हती. ‘निम्म्या पगारात आम्ही शिकवतो’ अशा बेरोजगार तरुणांच्या पोस्टी फिरल्या, तेव्हा आपल्या बाजूने बोलायला गावातला माणूस उभा राहिला नाही. त्याला आपण काय सांगितलं होतं म्हणून तो उभा राहील?

याउलट फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षकांनी संपाआधी काय केलं? शाळेतल्या जेवणावर अवलंबून असलेल्या मुलांसाठी डबे बांधले. शाळेचे बसचालक आणि स्वयंपाकीही संपात होते. नेत्यांनी तडजोड जाहीर केली ती शिक्षकांना पटली नाही, म्हणून ५५ च्या ५५ काउंट्यांत शाळा बंदच राहिल्या. शेवटी ५ टक्के वाढ मिळाली ती राज्याच्या सगळ्याच कर्मचाऱ्यांना.

आता मुख्यालयाचा, म्हणजे शाळेच्या गावातच राहण्याचा मुद्दा, कारण गावकरी तोच काढतात. २०२२ मध्ये गंगापूरच्या आमदारांनी विधानसभेत बोलून दाखवलं की शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत आणि घरभाडं मात्र घेतात. त्यावर शिक्षकांचा मोठा मोर्चा निघाला. बोलण्याची पद्धत अपमानास्पद वाटली हे समजू शकतं. पण मोर्च्याने गावातल्या माणसाच्या मनातला प्रश्न सुटला नाही. शिक्षक गावातच राहतो अशा ग्रामसभेच्या ठरावाची प्रत कशी मिळवली जाते हे त्या ग्रामसभेलाच माहीत असतं! मला विचाराल तर संघटनेने खरं ते बोलावं: अमुक गावात भाड्याने खोली मिळत नाही, अमुक ठिकाणी पावसाळ्यात रस्ता नाही, आणि ‘मुख्यालयी राहा’ या नियमाऐवजी ‘वेळेवर या, पूर्ण वेळ थांबा’ या नियमावर आमची तपासणी करा, पालकांनीच करा. हे म्हणायला धैर्य लागतं, आणि समोरच्याचा सूर त्याने बदलतो.

११. ऊसतोडीच्या मुलांसाठी संघटना काय करू शकते?

बीड, धाराशिव, जालना, परभणी, हिंगोलीच्या शाळांत दसरा-दिवाळीनंतर पट अर्धा होतो तो का, हे शिक्षकाइतकं कोणाला माहीत? मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ठरलेला असतो आणि दोघंही जातात. मागे आजी असेल तर लेकरू राहतं, नाहीतर बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर बसून कारखान्याच्या कोपीवर जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतं, वाचायचं विसरून. मोठी पोरगी धाकट्याला सांभाळायला जाते आणि कधीकधी परतच येत नाही. तिचं लग्न झालेलं असतं.

हंगामी वसतिगृहाची योजना यासाठीच आहे: मूल गावात राहतं, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत होतं, शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. अडचण नेहमीची आहे. टोळ्या निघून जातात आणि मंजुरी मागून येते. खर्च मुख्याध्यापकाने किराणा दुकानात उधारीवर केलेला असतो. इथे संघटनेचं काम अगदी ठोस आहे. ऑगस्टमध्येच केंद्राने गावनिहाय यादी करायची, कोणती कुटुंबं जाणार, कोणाची आजी आहे, कोणाची नाही. यादी घेऊन पालकांसह पंचायत समितीत जायचं आणि मंजुरी टोळ्या निघायच्या आधी मागायची, हप्त्याच्या तारखेसकट. यात शिक्षकाचाही रोकडा फायदा आहे, तो लपवू नका. मुलं टिकली तर पट टिकतो, पट टिकला तर पद टिकतं. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या) शासन निर्णयानंतर आणि कमी पटाच्या शाळा ‘समूह शाळां’त विलीन करण्याच्या २०२३ च्या पत्रानंतर हे कोणाला वेगळं समजावून सांगावं लागू नये.

१२. शिक्षकांना संप करता येतो का? कायदा काय म्हणतो?

थोडक्यात सांगायचं तर जोखीम घेऊन. २००३ च्या टी. के. रंगराजन विरुद्ध तामिळनाडू सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत किंवा कायदेशीर हक्क नाही. १९८८ च्या सुंदरांबाळ खटल्यात असंही ठरलं की शिक्षक तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘कामगार’ ठरत नाहीत, म्हणजे कामगार न्यायालयाची वाट बंद. जिल्हा परिषद शिक्षकांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. संघटना करण्याचा हक्क मात्र घटनेच्या कलम १९ ने दिलेला आहे आणि तो अबाधित आहे.

व्यवहारात काळ्या फिती लावून काम, सुट्टीच्या दिवशी मोर्चा, धरणे, ठरावीक कामावर बहिष्कार असे टप्पे असतात. सामूहिक रजा टाकायची तर पगार कपात आणि नोटीस गृहीत धरा आणि कोणावर कारवाई झाली तर त्याचं घर कसं चालेल हे आधी ठरवा. वेस्ट व्हर्जिनियातही संप बेकायदा असल्याचं राज्याने आधीच जाहीर केलं होतं. तिथे पालक सोबत होते आणि अधिकाऱ्यांनीच शाळा बंद ठेवल्या, म्हणून कारवाई झाली नाही. म्हणजे मुद्दा पुन्हा दहाव्या प्रश्नावरच येतो.

१३. मी शिक्षणसेवक आहे किंवा खासगी संस्थेत आहे. पुढे आलो तर नोकरी जाईल.

भीती खरी आहे, तिला भित्रेपणा म्हणू नये. शिक्षणसेवकाची तीन वर्षं मानधनावर जातात. प्राथमिकला ते २०२३ पासून १६,००० रुपये आहे. या काळात त्याने वही लिहावी, यादी करावी, बैठकीत बोलावं. निवेदनावर पहिली सही आणि अधिकाऱ्यांपुढची जागा कायम झालेल्यांनी घ्यावी.

खासगी शाळांना १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू होते. सेवासमाप्ती किंवा पदावनतीचा आदेश मिळाला तर ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणात अपील करा. संस्थाचालक ‘बसून मिटवू’ म्हणत हे ३० दिवस घालवतात, तेव्हा बसा जरूर, पण अपील दाखल करून बसा.

१४. अशैक्षणिक कामं नाकारता येतात का?

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ तीन अपवाद देतं: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. त्यामुळे निवडणुकीचं काम सरसकट नाकारता येत नाही आणि बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं कामही त्याच अपवादाखाली दिलं जातं. बाकी सर्वेक्षणांसाठी लेखी आदेश मागा. तोंडी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आदेशावर वर्ग सोडायचा नाही, हा निर्णय एकट्याने न घेता केंद्राने घ्या. मांडणी कशी करायची ते सहाव्या प्रश्नात आलं आहे.

१५. आमच्यात जातीवरून गट पडलेत. सामाजिक न्याय म्हटलं की वातावरण तापतं.

२०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर मराठवाड्यातल्या बऱ्याच स्टाफरूममध्ये डबे वेगळे खाल्ले जाऊ लागले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळात याहून वाईट झालं. १९७८ चा विधिमंडळाचा ठराव, नंतरचा हिंसाचार आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार यांच्यामधल्या वर्षांत शिक्षकही वाटले गेले होते.

आरक्षणावर संघटनेत एकमत होणार नाही आणि ते घडवून आणण्याच्या फंदात केंद्राच्या बैठकीने पडू नये. पण काही गोष्टींवर मतभेदाला जागा नाही. शाळेत मुलांची बसायची जागा, पाण्याचा माठ, पोषण आहाराची पंगत यात जात दिसली तर संघटना ती खपवून घेणार नाही. अमुक समाजाची बाई स्वयंपाक करते म्हणून पालक मुलांना जेवू देत नसतील, तर मुख्याध्यापकाला एकटं न सोडता केंद्रातले शिक्षक त्या पंगतीला जाऊन बसतील. आणि मागासवर्गीय शिक्षकांची वेगळी संघटना असेल तर ‘फूट पाडता’ म्हणण्याआधी आपल्या कार्यकारिणीत किती वर्षांत कोण कोण होतं ती यादी काढून बघावी. बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रम), पदोन्नती, गोपनीय अहवालातले शेरे यांवर ते का भांडतात ते मग समजतं.

१६. आपलाच सभासद दोषी असेल तर? संघटनेने त्याला वाचवायचं का?

त्याची बाजू मांडली जाईल, चौकशी नियमाने होईल, खोट्या तक्रारीत तो भरडला जाणार नाही, एवढं पाहणं संघटनेचं काम आहे. त्यापलीकडे नाही. मुलाला मारहाण आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद केला आहे. लैंगिक अत्याचाराची तक्रार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेच्या पातळीवर ‘मिटवणं’ हाच गुन्हा ठरतो. अशा वेळी तक्रारदार कुटुंबाच्या घरी संघटनेचा कोणीही जाणार नाही, हे वहीत आधीच लिहून ठेवा. वेळ आल्यावर ठरवायला गेलात तर मैत्री आड येते.

१७. सगळं सगळ्यांना विचारून करायचं तर उशीर होतो. साहेब म्हणतात, ‘आत्ता हो की नाही सांगा.’

‘आत्ता सांगा’ ही बहुतेक वेळा दबावाची पद्धत असते. शिष्टमंडळाला आधी मर्यादा आखून द्या: या दोन मुद्द्यांवर तिथेच हो म्हणा, या मुद्द्यावर केंद्राला विचारल्याशिवाय नाही. खरोखर तातडी असेल, म्हणजे कोणाचं निलंबन, अपघात, पूर, तर तिघांनी निर्णय घ्यावा आणि पुढच्या बैठकीत त्याचा जाब द्यावा. शिकागोत २६ हजार सभासदांसाठी दोन दिवस थांबता आलं. आपल्या केंद्रात चाळीस माणसं आहेत.

१८. प्राथमिक शिक्षकाला विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मतच नाही. मग त्या उमेदवारांशी आम्ही कशाला बोलायचं?

मत नाही हे खरं. घटनेचं कलम १७१ आणि १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा यांनुसार माध्यमिक आणि त्यावरच्या शाळा-महाविद्यालयांत मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवलेल्यांनाच ते मिळतं. पण उमेदवार गावात येतो तो माध्यमिकच्या मुख्याध्यापकांकडे, आणि त्या शाळेला पाचवी-आठवीची मुलं तुमच्याकडून जातात. माध्यमिकच्या सहकाऱ्यांना सोबत घेऊन एकच प्रश्नावली करा. विनाअनुदानितवरच्यांचा टप्पा अनुदानाचा प्रश्न त्यात पहिला ठेवा, कारण बिनपगारी किंवा अर्ध्या पगारावर वर्षानुवर्षं शिकवणारा तोच सगळ्यात अडचणीत आहे. त्यानंतर हंगामी वसतिगृह, कमी पटाच्या शाळा, स्वयंपाकी ताईंचं मानधन. उत्तरं लेखी घ्या, उमेदवाराच्या सहीने, आणि त्याची प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवा. सही द्यायला जो टाळाटाळ करेल त्याचं नावही वहीत लिहा.